महिनाअखेरचा उपास

आखन, जर्मनी. बुधवार संध्याकाळ

ईराच्या शाळेतून बाईंचा फोन. सहलीत सगळी मुलं पिझ्झा घ्यायला गेली, तर आमची आठ वर्षांची पोरगी म्हणाली, माझा उपास आहे. "धार्मिक आहे का?" बाईंनी केवढ्या आदराने विचारलं! मी पटकन हो म्हणून टाकलं. का म्हटलं? पिझ्झ्याला पैसे दिले नव्हते, एवढं सांगायला काय झालं होतं मला?

घटस्फोट झाल्यापासून महिनाअखेरीला उरलंसुरलं तिला वाढते आणि म्हणते, आज माझा उपास. वार कुठलाही असो. वाटायचं, तिला काय कळतंय.

मघाशी न राहवून विचारलं, "भूक नव्हती लागली का गं?"

नेहमीसारखं जर्मनमध्येच उत्तर आलं, "तुझा उपास असतो तेव्हा तुला लागते का?"