दगडोबाची रास

मनीषनगर, नागपूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय नंदिनी,
सप्रेम जयभीम.

सकाळी फिरून आलो. थंडी बरीच आहे. दुपारी वरण-भात केला, वांग्याची भाजी समोरच्या शोभाताईंनी पाठवली. बीपीची गोळी घेतली.

तू पाठवलेले शनिवारचे पुण्याचे तिकीट मिळाले. खालचा बर्थ आहे, ते बरे केलेस. हा फ्लॅट भाड्याने देऊन मी कायमचे तुझ्याकडे यावे, त्यासाठी तू भाडेकरूही पाहिलेस, हे कळले. त्याबद्दल खाली लिहितो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र.

आज घरात फार गोंधळ झाला.

चार वाजता बेल वाजली. दारात शोभाताईंची नात सोनिका, वरच्या मजल्यावरचा दुर्गेश आणि त्यांच्या मागे बिल्डिंगमधली सगळी पोरे. पावसाळ्यात तुझी आई गेली, तेव्हापासून ती आली नव्हती. दर रविवारी आई पुढच्या खोलीत सतरंजी टाकून त्यांना धुक्याच्या राज्याच्या गोष्टी सांगायची. सगळ्या तिनेच रचलेल्या. मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायचो.

आता सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात पोरांना त्या गोष्टींचे नाटक करायचे आहे. ज्याची जी रास, त्याने त्या राशीचे पात्र व्हायचे असे ठरले. सोनिकाने मोबाइलवर वाढदिवसावरून सगळ्यांच्या राशी काढल्या. पात्रांच्या राशींवरून मात्र वाद. आपल्या घरात राशीभविष्य कधी कोणी मानले नाही. पण आई म्हणायची, माणसांना राशी चिकटवू नयेत, राक्षसांना चिकटवायला काय हरकत आहे?

भांडण दारातच सुरू झाले.

"अग्या राक्षस सिंह राशीचा. म्हणजे मीच!" दुर्गेश म्हणाला.

"काहीही नको फेकू," सोनिका म्हणाली. "नाकातून जाळ काढते म्हणून सिंह झाला का? कांदा कापला तरी रडते तो."

"अन् तू काय होशील वं? चेटकीण तर तू अशीच हायेस."

माझ्या तोंडून निघून गेले, "अग्या कर्क राशीचा आहे. थंडी पडली की गुहेत शिरून आईची गोधडी मागतो."

सगळे माझ्याकडे वळले. मग मीच पुढे बोललो. चेटकिणी जुळ्या आहेत, पण मिथुन नाहीत. एक मध्यरात्रीच्या आधी जन्मली, ती मीन. दुसरी नंतर, ती मेष. म्हणून त्यांचे पटत नाही. राणी चांदणी तूळ, कारण कोणती बांगडी घालावी हे ठरेपर्यंत तिची सकाळ होते. उडता रेडा धनु, एका जागी टिकत नाही.

"आजोबा, तुमाले कसं माहीत?" दुर्गेशने विचारले. "तुम्ही तर पेपर वाचून राहिले होते ना?"

उडता रेडा कसा रेकतो ते पोरांना आठवेना, म्हणून मी ते करून दाखवले. शोभाताई लाटणे हातात घेऊनच धावत आल्या. "भाऊजी, बरं हाय ना जी?" पोरे सतरंजीवर लोळत होती. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

शेवटी दगडोबा उरला, राज्याच्या वेशीवरचा दगडाचा पहारेकरी. त्याची रास मला ठाऊक नव्हती. त्या रविवारी माझा डोळा लागला असेल.

"ते आमाले माहीत आहे," सोनिका म्हणाली. "वृषभ. एकदा उभा केला का तिथून हलत नाही. आजोबा, तुमची रास कोणती?"

मी म्हणालो, माझी खरी जन्मतारीखच कोणाला माहीत नाही. शाळेत घालताना मास्तरांनी एक जुलै लिहून टाकली.

"मंग तुम्ही बी वृषभच," दुर्गेश म्हणाला. "दगडोबा कुलूप लावून तीनदा ओढून पाहते. तुम्ही बी पाहता."

"अन् तो बोलत नाही, पण भिंतीआडून सारं आयकते," सोनिका म्हणाली. "म्हणून तर आजी मोठ्यानं सांगे. आम्ही म्हणो, आजी, इथंच तर बसलो आम्ही. तं म्हणे, दगडोबाले ऐकू गेलं पाहिजे."

नंदिनी, मी दर रविवारी आतून म्हणायचो, हळू बोल, पेपर वाचू दे. तिने आवाज कधीच कमी केला नाही.

मी उठून संत्री आणली. सगळ्यांना सोलून दिली. त्यात बराच वेळ गेला.

दगडोबाचे काम मला मिळाले आहे. संवाद नाहीत, त्यामुळे जमेल. दर रविवारी तालीम आपल्याच पुढच्या खोलीत होईल. शिवाय उडत्या रेड्याची गोष्ट अर्धवट राहिली आहे. आईने त्याला ढगात सोडला तो तिथेच आहे. पुढे काय, ते पोरे मला विचारतात. त्याला कुठे उतरवावे, याचा विचार करतो आहे.

तेव्हा शनिवारचे तिकीट रद्द कर. भाडेकरूंना नाही म्हणून सांग. रागावू नकोस. सव्वीसला तूच ये. उन्हाळ्यात मी आठ दिवस येईन, परतीचे तिकीट काढून.

पोरे आताच गेली. सतरंजीवर संत्र्यांच्या साली पडल्या आहेत. ती गच्चीवर नेऊन झटकतो. जाताना दाराला कुलूप लावतो, आणि ओढून पाहतो.

तुझा
बाबा
(रास वृषभ)