पिना काढल्याशिवाय रद्दी द्यायची नाही

अप्पा, मुरबाडच्या घरी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही शेजारी पाटावर बसून कचेरीतल्या बाद फाइली सोडवत असायचात. टाचण्या रिकाम्या डब्यात, पुठ्ठे भिंतीशी, प्लॅस्टिकची कव्हरं पोत्यात. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेली मी नाक मुरडून म्हणायचे, "हेडक्लार्कनं कशाला करायचं हे?" आई तव्यावरची नजर न हलवता म्हणायची, "त्यांना फाइलीच सोडवता येतात गो. भांडण नाय सोडवता येत." तुम्ही हसायचात आणि पुढची टाचणी काढायचात.

नव्वद साली मी शहापूरच्या शाळेत कारकून झाले. पहिल्याच दिवाळीआधी कपाटं रिकामी करायची होती. घाईत सगळ्या फाइली तशाच पोत्यांत कोंबल्या, पिना, लोखंडी खटके, कव्हरांसकट. तुमच्या कचेरीची रद्दीही आटगावच्या त्याच भंगारवाल्याकडे जायची. तिथे शाळेचा शिक्का तुम्ही ओळखलात आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेलात. रद्दी निवडणारी मावशी पोत्यावर बसलीय. उजवा अंगठा चिंधीत बांधलेला, टरारून सुजलेला. मी कॉन्व्हेंटात शिकलेल्या गोड सुरात "सॉरी" म्हणते. ती माझ्याकडे बघत राहते. "तुजीच सुई कशावरून गो? समद्या हापिसांच्या सुया हितंच येतात."

परतताना तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "इंग्रजीत माफी मागून झाली. आता मराठीत पिना काढ." पुढच्या खेपेला खिशातून स्टेपलरच्या पिना काढायचा काळ्या मुठीचा चिमटा काढून माझ्या हातावर ठेवलात.

तोच चिमटा आता हातात आहे. आज माझा नोकरीतला शेवटचा दिवस. दुपारी टेम्पो येईल. चौदा पोत्यांपैकी नऊ झालीत. बोटांचे सांधे धरलेत. नव्या मुख्याध्यापिका दोनदा डोकावून गेल्या. "मॅडम, जाऊ द्या ना तसंच. ते लोक करतात वेगळं." ते लोक म्हटलं की मला तो अंगठा दिसतो. बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, टेम्पो आला का बघते, पुन्हा येऊन एक फाइल उघडते. मध्येच हे पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं.

आता ठरलं. टेम्पोत नऊच पोती चढतील. उरलेली पाच माझ्याबरोबर घरी येतील, महिना लागला तरी चालेल. कागद ओवायचे चांगले टॅग शेणव्याच्या शाळेला. पुठ्ठे बालवाडीच्या बाईंना, चित्रं चिकटवायला. खटके भंगारवाल्याला. पिनांच्या डब्याला घट्ट झाकण लावून, वर मोठ्या अक्षरांत "सुया आहेत" लिहून, तोही त्यालाच. पोती संपली की चिमटा माझ्या जागी आलेल्या मुलीला, आटगावच्या मावशीची गोष्ट सांगून.

आणि एक पाकीट कुणालाच द्यायचं नाही. त्यात तुमच्या शेवटच्या आजारपणाचे कागद आहेत, दवाखान्यानं एका पिनेनं टाचलेले. पिन गंजलीय, कागदावर तांबूस डाग पसरलाय. हे पत्रही त्यातच ठेवतेय. इतक्या वर्षांत ती एक पिन मी काढलेली नाही, अप्पा. चिमटा देऊन टाकला की काढावी लागणार नाही.