उरलेले स्क्रू

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार, आणि तुमच्या पान्या-पक्कडींना दुरूनच रामराम.

मी इथे धडधाकट आहे. गोदामात खोकी उचलून पाठ थोडी वाकली आहे, पण मान अजून ताठ आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आणि तुम्ही दुरुस्त केलेला मिक्सर, तो अजून आडवा धरल्यावरच फिरतो का? सगळ्यांची खुशाली कळवा. आईची मात्र कळवू नका, ती मला फोनवर कळली. तिच्या कपडे धुवायच्या मशीनमधून पाणी जात नाही, नुसतं घुं घुं करतं, आणि येत्या सुट्टीला तुम्ही ते उघडणार आहात. हे सांगताना तिचा आवाज ऑपरेशनला नेतात त्या माणसासारखा होता. मामा, तिच्या बोटांचे सांधे सुजतात, पिळायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून इथे आल्यावर तिच्यासाठी पहिली वस्तू कुठली घेतली असेल तर ते मशीन. तेव्हा हात लावायच्या आधी माझी हकिकत वाचा. (चष्मा लावून वाचा. तुम्ही तो फक्त जेवताना लावता.)

तर आमच्या घरमालकिणीच्या मशीनलाही अगदी हाच आजार झाला. मशीन आमच्या सगळ्यांच्या सामाईक मोरीत असतं आणि तिने आम्हा भाडेकरूंना ते मोठ्या मनाने वापरायला दिलंय. (म्हणजे तिचे कपडेही आम्हीच धुतो.) माझ्या खोलीत एक रखवालदार राहतो, रात्रभर जागतो आणि दिवसा मेल्यासारखा झोपतो, म्हणून आम्ही त्याला पेंगुळ म्हणतो. तो पांघरुणातूनच म्हणाला, "मेकॅनिकला बोलाव ना बाबा." आता मेकॅनिकला बोलावणं म्हणजे आपल्या घराण्यात मामांच्या तोंडावर दार आपटणं. मी म्हणालो, "आमच्यात मेकॅनिक नसतो, मामा असतो." आणि तुमची शिकवण आठवून कामाला लागलो: आधी सगळं उघडायचं, मग कुठे बिघडलंय ते बघायचं. पाठ उघडली, पोट उघडलं, वरचं झाकणही काढलं. पाणी बाहेर फेकणारा पंप खाली असतो हे मला ठाऊक होतं, पण खालचं काढायचं तर वरचं का सोडायचं, असा तुमचा बाणा. त्यात वरच्या बाजूला सिमेंटचा एक चांगला जाडजूड ठोकळा निघाला. मला वाटलं, कारखान्यातून येताना मशीन हलू नये म्हणून घातला असेल आणि काढायचा राहिला असेल. लोक किती निष्काळजी असतात, नाही? तो ठोकळा मी आमच्या खोलीच्या दाराला अडसर म्हणून ठेवला. ते दार वाऱ्याने आपटायचं, ते लगेच थांबलं. एक दुरुस्ती तर तिथेच झाली.

दुकानातून नवा पंप आणला. दुकानदार म्हणाला, जुना दाखवा. मी म्हणालो, दाखवायचं काय, तो बिघडलाय. पंप बसवला, सगळं बंद केलं, आणि चार-पाच दणकट स्क्रू उरले. मामा, खरं सांगतो, ऊर भरून आला. तुमचंच वाक्य कानात वाजलं: "कंपनीवाले जास्तीचे लावतात, उरला तो आपला." तुमच्याकडे असतो तसाच बिस्किटांचा रिकामा डबा शोधला आणि ते त्यात ठेवले.

मग घरमालकिणीच्या चादरी घालून मशीन लावलं. पाणी झरझर गेलं! मी मोरीत उभा राहून मिशीला पीळ दिला. (मिशी थोडीच आहे, पीळ पुरला.) तेवढ्यात पिळायची वेळ झाली आणि मशीन चालू लागलं. चालू लागलं म्हणजे पायांनी. आधी नळाकडे गेलं, मग तिथे मन रमेना म्हणून दाराकडे वळलं आणि दाराला पाठ लावून नाचू लागलं. दार आत उघडणारं, आणि मी आत. प्लग बाहेर पॅसेजमध्ये. घरमालकीण धावत आली. "आत कोण आहे?" "मी आणि मशीन!" "दोघांपैकी किंचाळतंय कोण?" मी म्हणालो, "मावशी, आधी प्लग काढा!" तिने पेंगुळला उठवलं, त्याने डोळे मिटूनच प्लग काढला. फ्रिजचा. मी मशीनला मिठी मारून पिळणं संपेपर्यंत तसाच हादरत राहिलो, दात एकमेकांवर आपटत होते, आणि त्या अवस्थेत मला तुमची फार आठवण आली.

शेवटी तो मेकॅनिक आलाच. लेकाचा इतका हसला की मशीनला टेकून बसला. जुन्या पंपात घरमालकिणीच्या झग्याचं बटण अडकलं होतं, बाकी पंप ठणठणीत. मग त्याने आमच्या खोलीत डोकावून विचारलं, "दाराला हे काय लावलंय?" मशीन उड्या मारू नये म्हणूनच आत ते वजन असतं, म्हणे. आता घरमालकीण मला नावाने हाक मारत नाही, 'इंजिनियर' म्हणते, आणि चादरी मी हाताने धुतो.

तात्पर्य काय, मामा, आईचं मशीन उघडू नका. गल्लीतल्या मेकॅनिकला बोलवा आणि तुम्ही बॅटरी धरून उभे राहा. वडीलधाऱ्यांना तेच शोभतं.

तुमच्याच हाताखाली बिघडलेला,
भाचा

ता. क. बॅटरीही उघडू नका.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवायच्या आधी आईला फोन केला. म्हणाली, दादा कालच येऊन गेला, मशीन झकास चालतंय, आणि तू त्याला काही वेडंवाकडं लिहू नकोस, त्याच्या मनाला लागेल. ती बोलत असतानाच मधूनमधून धप्प धप्प ऐकू येत होतं. मी विचारलं, "हा आवाज कसला?" म्हणाली, "मशीनचा." मामा, आमच्या मशीनने पुष्कळ सोंगं केली, पण मध्येच थांबून ते "आई गं" कधी म्हणालं नव्हतं. तेव्हा तुमच्या मनाला लागू दे. आजच मेकॅनिकला घेऊन तिच्याकडे जा, डब्यातले सगळे स्क्रू त्याच्या हातात द्या, आणि निघताना तुमच्या दाराला सध्या कशाचा अडसर लावलाय, तेवढं बघा.