शेखरदादा वांगं खात न्हाई

ता. ४, सोम.
हसू नको. चोरून वाचून राहिलास ना? मंग तूच सांग. घरातून निघून गेलेल्या भावाबद्दल इंग्रजीत बोलायचं तर आहे म्हणायचं का होता? न्हाई ना सांगता येत? गप बस मंग.

रोज साखरा ते हिंगोली, एसटीनं, स्पोकन इंग्लिशच्या क्लासला. पुण्याच्या कंपनीची फोनवर मुलाखत हाय. शेखरदादा पुण्यात दिसला म्हणून कानावर आलं, नोकरी लागली तर त्याला हुडकता येईल. बाकी काही नको. मी लिहायला घेतलेली बिनक्रियापदाची कादंबरी तर तिसऱ्या पानावर मरून पडली.

ता. ७, गुरु.
क्लासात घरच्यांबद्दल बोलायचं होतं. म्हणलो, "माय ब्रदर डज नॉट ईट ब्रिंजल."
सर : कुठं राहतो?
मी : माहीत न्हाई.
सर : मंग डिड नॉट म्हण ना राजा.
"मेला न्हाई तो!"
सगळे हसले. काहून हसले?
दादा गेल्यापासून घरात वांगं शिजलं न्हाई. बाजारात ढीग असले तरी आई हात लावत न्हाई. "शेखर खात न्हाई."

ता. ८
दादा गेला ते डोळ्यापुढून हलत न्हाई. बाबाच्या जमिनीवरून माझंच त्याचं भांडण. उंबऱ्यात म्हणला, "जातो." आई मागं धावली, "येतो म्हण लेकरा, येतो म्हण." न्हाई म्हणला. तवापासून फोन बंद.

ता. १२, मंगळ.
क्लासातून निघताना म्हणलो, "आय ॲम कमिंग, सर." सर म्हणले, "अबे, जाऊन राहिला न् कमिंग? गोइंग म्हण."
सगळे थांबले. गोइंग न्हाई म्हणलो. पिशवी उचलली न् निघालो.

ता. १५
मुलाखत. फोनवरच्या बाईनं भावाबहिणींचं विचारलं. हॅव. हॅड. हॅव... "हॅलो? आर यू देअर?"
फोन कट. संपलं. लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य...

ता. १८, सोम. हिंगोली डेपो.
नोकरी न्हाई तरी पुण्याला निघालो. मिळंल ते काम करीन.
सकाळी उठलो तर घरभर वांग्याचा वास. आई डबा बांधत होती.
"तुला आवडते ना," म्हणली. वर बघितलं न्हाई.
मंग उंबऱ्यात येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडं बघत. मला येतो म्हणता येईना. दादा भेटला न्हाई तर कोणत्या तोंडानं येऊ?
"आय ॲम कमिंग, आई," म्हणलो.
"म्हंजी काय रे?" असं ती विचारायच्या आत रस्त्याला लागलो.