दुसरा नमुना

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ढब्ब्या,

अनेक आशीर्वाद. तुझं वजन उतरून वीस वर्षं झाली, पण माझ्या तोंडातून हे नाव काही उतरत नाही. मुलांचा खोकला थांबला असेल.

इकडे आई आहे तशीच आहे. काल शिलाई मशीनपाशी येऊन मला म्हणाली, "बाई, माझे कपडे कधी मिळतील?" मी परवा यायला सांगितलं, तर खूश होऊन खोलीत गेली.

रविवारी तू फोनवर चिडलास आणि मी गप्प बसले. म्हणून लिहितेय. अल्झायमरच्या त्या अभ्यासाचा निकाल तुला आला. सहा महिने आहार पाळूनही आईच्या पोटातल्या जिवाणूंमध्ये फरक नाही, शौचाचा पहिला आणि दुसरा नमुना जवळजवळ सारखाच. तू म्हणालास, "ताई, तू तिला नीट खायला घालत नाहीस."

ते खरं आहे. अभ्यासात आईचं नाव घालतानाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आतड्यातल्या जिवाणूंचा मेंदूशी काही संबंध असावा, खाण्याने हा आजार लांबणीवर पडतो का ते आम्ही अजून तपासतोय. त्यातलं "असावा" तू ऐकलंच नाहीस. मलाही ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात आई कडधान्यं, पालेभाज्या, दही, सगळं थुंकायला लागली. चहात बुडवलेलं बिस्कीट तेवढं घेते. बळजबरी केली की रडते आणि रडताना तिच्या आईला हाका मारते. मला ते बघवेना, मी बिस्किटं देत गेले. तिच्या ताटातलं वाया कशाला घालवायचं, म्हणून मी संपवायची आणि अभ्यासाच्या वहीत लिहायची. वहीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे, फक्त जेवणारी वेगळी.

आता जे टाळतेय ते. दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी आईने संडासाला आतून कडी लावली. नमुना न्यायला आलेला माणूस दारात उभा, आणि मी तासभर विनवण्या करतेय. शेवटी आतून म्हणाली, "बाई, माझी थोडी तरी अब्रू राहू द्या."

मी त्या माणसाला संध्याकाळी यायला सांगितलं. संध्याकाळी त्याला दिलेली डबी माझी होती.

म्हणजे ढब्ब्या, सारखे निघाले ते आईचे दोन नमुने नव्हेत. एक तिचा, एक माझा. आणि सहा महिने तो आहार मी खाल्ला होता.

काल जाऊन सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एका घरात राहणाऱ्यांचं पोट सारखं असू शकतं, एवढ्यावरून कुणाला आजार ठरत नाही, असं त्यांनी समजावलं. आईचं नाव मात्र काढून टाकलं. मी आभार मानून निघाले.

बाह्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात मी एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. गिऱ्हाईक हसून म्हणालं, मागच्या महिन्यातही असंच केलं होतंत. चाळीस वर्षं मशीनवर बसतेय रे, असं कधी झालं नव्हतं. आणि मागच्या महिन्यातलं मला काहीच आठवेना. मला भीती वाटतेय.

तू उन्हाळ्यात येणार होतास, आधी ये. आईसाठी घाई नाही, ती तुला ओळखणार नाही. माझ्यासाठी ये.

आणि हेच पत्र पुन्हा एकदा आलं, तर हसू नकोस.

तुझी,
ताई