पाडव्याला गेलेली पोर

नावडे,
३ मार्च २०२५

तीर्थस्वरूप प्रेमलाआत्यांस,
नमिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुमच्याआधी तुमचा नातू सनीच वाचणार. म्हणून बेलापूरला ऑफिसखालच्या पोस्टातून हे पाठवतेय.

मला आठवा सरलाय, तारीख बारा एप्रिलची. पण सासूबाईंनी ठरवलंय की बाळ तीस मार्चलाच व्हायला हवं, कारण त्या दिवशी पाडवा. तुमच्या माहेरी, म्हणजे आमच्या या घरी, अडतीस वर्षं गुढी लागलेली नाही. पाडव्याला घरातली पोर गेली, म्हणून सण बंद. आता त्याच दिवशी घरात जन्म झाला तर सण सुटेल. गाय व्याली तरी चालतं म्हणे, पण नावड्यात आता गाय आणायची कुठून? तेव्हा गायीची जागा मी भरून काढायची आहे.

डॉक्टर म्हणाल्या, घरच्यांनी लिहून दिलं तर सिझर करू, पण बाळ वजनाला कमी आहे, थांबलात तर बरं. तुमचा भाचा रूपेश म्हणतो, दोन आठवड्यांनी काय फरक पडतो. त्याला म्हटलं, मग तूच झोप टेबलावर. आत्या, हसून लिहितेय, पण रात्रंदिवस टेन्शन आहे. बाळ हललं नाही की मी घड्याळ लावून बसते.

तुमचे वडील आप्पा गेले, माझे सासरे गेले. जुन्यातल्या तुम्हीच उरलात. ती पोर कोण होती? नाव काय, केवढी होती? नेमकं कळलं तर दुसरा काही उपाय विचारता येईल. लवकर लिहा, लोभ आहेच, तो या पोटातल्यावरही असू द्या.

तुमची,
नमिता

दिघा,
७ मार्च २०२५

चि. सौ. नमितास,
प्रेमलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी पहिले चष्मा शोधला नि मग देवाला हात जोडले, म्हटलं वाईट खबर तर नाय ना.

तू डॉक्टरचं ऐक. तुझी सासू मालती मनानं वाईट नाय, तिला गुढीची हौस हाय एवढंच. रीतीभाती अशाच असतात बघ. आमची आजी कोयता उंबऱ्याच्या आत उलटा ठेवायची, आमीपन चाळीस वर्षं ठेवला. मागून कळलं, उंबऱ्याबाहेर तिची कोंबडी बसायची, तिला लागू नये म्हनून.

त्या पोरीचं मना काय आठवत नाय. लय जुनी गोष्ट. उकरू नको. नाचणीचं सत्त्व पाठवते, दुधातून घे.

आत्याची माया हायच,
प्रेमला

नावडे,
११ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आत्यांस,
सा. न. वि. वि.

सत्त्व मिळालं. उत्तर मिळालं नाही.

रागावू नका, पण कोंबडी अडतीस वर्षांहून जुनी असून तुम्हाला आठवते आणि बहीण आठवत नाही? तुम्ही घरात थोरल्या. सासूबाई तर त्या पोरीला न बघता तिच्यासाठी रडतात. दर पाडव्याला पुरणपोळीचं एक छोटं पान वाढून मागच्या दारी ठेवतात. परवा म्हणाल्या, तुम्हीच त्यांना सांगितलं होतं की ती लहान होती.

काल त्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची वेळ घेऊन आल्या. सकाळी साडेनऊ. कागदावर सही रूपेशची आणि माझी हवी. त्याने केलीये. मी पेन सापडत नाही म्हणून उठून आले. असं किती दिवस पेन हरवणार?

मला भीती वाटते आत्या. जे काही असेल ते सांगा.

नमिता

दिघा,
१६ मार्च २०२५

चि. सौ. नमितास,
अनेक आशीर्वाद.

होळी झाली, पन माझ्या पोटातली आग काय विझली नाय. चार वेळा कागद फाडला. आता लिहिते ते सरळ लिहिते.

पाडव्याला कोनी मेलं नाय. पोर गेली म्हनजे मी गेले.

सत्त्याऐंशी साली पाडव्याच्या सकाळी गुढी लागली, सगळी देवळात गेली, नि मी तुझ्या आतोबांबरोबर निघाले. ते तळोज्याला कंपनीत होते, मानूस साताऱ्याकडचा, आमच्या जातीचा नाय. आप्पांनी भर दुपारी गुढी उतरवली नि माझ्या नावानं आंघोळ केली. बारा वर्षांनी ते आजारी पडले तवा मना घरात घेतलं. गुढीचा शब्द मात्र कोनी काढला नाय.

मालती लग्न होऊन आली तवा आईनं तिला एवढंच सांगितलं, पाडव्याला पोर गेली. तिनं मेली असं धरलं. मागून तिनं मना विचारलं, ती केवढी होती ओ? तिच्या डोळ्यांत पानी होतं. मना लाज वाटली. म्हटलं, लहान होती. एका शब्दाची लबाडी, नि आज ती तुझ्या पोटावर आली.

हे पत्र मालतीला दे. तिनं माझं माहेर तोडलं तरी चालंल. तू सही करू नको.

प्रेमला

नावडे,
२२ मार्च २०२५

नणंदबाईंना,
मालतीचा नमस्कार.

चवथी शिकलेली हाय, चुकलं तर समजून घ्या. नमिता लिहून देते म्हनाली, मी नको म्हटलं.

तुमी पळून लगीन केलं ते मना म्हाईत होतं. पाडव्याला केलं ते नव्हतं. लगीन होऊन आल्यापासून चौतीस वर्षं मी एका पोरीसाठी रडले. तिला पाच-सहा वर्षांची धरली होती. तिला नावपन ठेवलं होतं मनात, ते सांगनार नाय. ती होतीच नाय म्हनता, तर मना ती आता खरीच गेल्यासारखी वाटते. ह्याचा राग हाय, नि तो लवकर जानार नाय.

दवाखान्यात जाऊन तारीख काढून टाकली. कागद फाडला. सूनबाईला म्हटलं, बाळाला यायचं तवा येऊ दे. तिला तवाच पेन सापडलं, कपाळ माझं.

रीत अशी हाय का, गेलं त्या दिवशी घरात कोनी यायला पायजे. तान्हंच पायजे असं कोन बोललंय? रूपेशनं बांबू आनलाय. गुढी लागंल, पन तुमी उंबऱ्यात आल्यावर. सकाळी या. मागच्या दारानं गेल्या असाल तरी पुढच्या दारानं या.

नि उपाशी या. मागच्या दारी ते छोटं पान चौतीस वर्षं कावळ्यांनी खाल्लं. यंदा ते घरात वाढते. तुमच्या नावाचं हाय, तुमीच खायचं.

राग धरून, वाट बघत,
मालती