कोपराचं माप

मी, दुकानांचे काउंटर, शोकेस आणि मांडण्या बनवणारा व त्यांची डागडुजी करणारा कारागीर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा घेऊन ताज्या डोक्याने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. याआधी असं काही लिहिलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं समजावं.

राहतं घर माझ्या पत्नीच्या नावे. "आता तुम्ही आमच्याकडेच या" असा आग्रह तिला कोणी करू नये. वाटलं तर ती जाईल, आणि दोन दिवसांत परत येईल, हे मला ठाऊक आहे. बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना समसमान. यावरून दोघं भांडणार नाहीत; आईवर गेली आहेत.

माझा मेणाचा डबा जोडेवाल्या शेठना द्यावा. त्यांना सागवानी काउंटर करून दिला तेव्हा हात जोडून सांगितलं होतं, "शेठ, कोरडं फडकं, मग मेण. पाणी नको." त्यांनी रोज साबणाचं पाणी मारलं आणि फळी फुगल्यावर बाजारभर सांगत सुटले, "लाकूडच कच्चं होतं." लाकूड कच्चं नव्हतं. हे जाता जाता लेखी देऊन ठेवतो. डब्यासोबत फडकंही द्यावं, त्यांना सबब नको.

आता कारखाना, हत्यारं आणि कामाचं टेबल. घरात सगळ्यांचं लक्ष याच कलमाकडे आहे, म्हणून सरळ लिहितो: हे सर्व माझ्या सूनबाईला.

मुलाचा विचार निराळा होता. "बाबा, रेडीमेड रॅक आणू, कारखान्याचं गोदाम करू. रंधा मारत कोण बसतंय आता?" बोलण्यात तो वाघ आहे, भिंतीलाही कपाट विकेल. पण चष्मेवाल्याची शोकेस त्याने केली तेव्हा दिवा टांगला गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे. वाकून बघावं तर काचेत फ्रेमा दिसेनात, स्वतःचंच तोंड दिसायचं. चष्मेवाला कळवळून म्हणाला, "अहो, लोक येतात, भांग नीट करतात आणि निघून जातात!"

मी पायात चपला सरकवेपर्यंत सूनबाई तिथे पोचलीसुद्धा. गिऱ्हाइकाच्या जागी उभी राहिली, वाकून पाहिलं, आणि दिव्याची पट्टी काचेच्या आत, पुढच्या कडेखाली लपवून बसवली. उजेड मालावर, डोळ्यांत नाही. हे तिला मी शिकवलं नव्हतं. मला तर दिवा छताला हलवावा एवढंच सुचलं होतं. घरी येताना मी वाटेत भेटेल त्याला थांबवून ही हकिकत सांगत होतो.

तेव्हा ऑर्डरी मुलाने आणाव्यात, काम तिने करावं. आपली रीत मात्र दोघांनी मोडू नये. माप घेण्याआधी दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाचा हात आधी कुठे जातो ते बघायचं. आणि काउंटरची उंची, त्यामागे उभं राहणाऱ्याच्या कोपराच्या जरा खाली. शेठच्या कोपराच्या नव्हे, दिवसभर जो उभा असतो त्याच्या.

याच मापाने कामाच्या टेबलाचे पाय मी परवा कापले. मुलाने त्यावर फळी ठेवली आणि वाकूनच राहिला.

"बाबा, हे बुटकं कसं झालं? माझी कंबर धरेल की!"

"तुझी धरेल. तिची नाही धरणार."

तो टेबलावरून हात फिरवत उभा राहिला. मग खाली पडलेला भुसा त्यानेच झाडून काढला.

कागद बदलता येतो, हे मला वकिलांनी सांगितलं आहे. टेबलाचे कापलेले पाय मात्र पुन्हा लांब होत नाहीत. म्हणून हे कलम कायम.

सही : मृत्युपत्र लिहून ठेवणार

आमच्यासमोर सही केली :
१. औषधवाले (यांच्या काउंटरवर हे लिहिलं. उंची बरोबर आहे.)
२. काचवाले (चष्मा घरी विसरले, म्हणून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.)

ठिकाण : औषधांचं दुकान, शटर अर्धं खाली
तारीख : ९ मार्च २०२६, सोमवार, बाजार बंद